थेलोनियस मंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकी जॅझ पियानोवादक आणि संगीतकार थेलोनियस मंक याच्याबद्दल आहे. विचारणारे बरेच जण पेटी किंवा तबला शिकलेले आणि जॅझकडे नव्याने वळलेले असतात. म्हणून जिथे सोयीचं वाटलं तिथे पट्टी आणि सरगम आपल्या पद्धतीने दिली आहे.

मंक कोण होता आणि त्याचं एवढं नाव का?

१९४० नंतर जॅझची भाषा बदलणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो एक. त्याने जेमतेम ७० रचना केल्या, पण त्यातल्या बऱ्याच आजही जगभरच्या जॅझ क्लबांत वाजतात. ड्यूक एलिंग्टनच्या रचना हजाराच्या घरात आहेत. त्या मानाने मंकचा पसारा लहान. पण त्याची प्रत्येक रचना दोन बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक विभाग, बहुधा ४ मात्रांचा) ऐकल्यावर ओळखू येते, आणि हे फार थोड्या संगीतकारांना जमलं आहे.

जन्म, घर, शिक्षण?

१० ऑक्टोबर १९१७, रॉकी माउंट, नॉर्थ कॅरोलायना. १९२२ मध्ये आई बार्बरा तिन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली. मॅनहॅटनच्या सॅन वान हिल भागात, वेस्ट ६३ व्या रस्त्यावर, त्यांनी बिऱ्हाड केलं आणि मंकने आयुष्याचा बहुतेक काळ त्याच वस्तीत काढला. ‘स्फिअर’ हे मधलं नाव आईच्या वडिलांचं.

तो पूर्णपणे स्वयंशिक्षित होता, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. सायमन वुल्फ नावाच्या शिक्षकाकडे तो पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकला. शेजारच्या अल्बर्टा सिमन्स या वादिकेकडून त्याने स्ट्राइड शैली उचलली. स्ट्राइडमध्ये डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालचा स्वर आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला वरचा कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) देत उड्या मारतो. चर्चची भजनं आईमुळे कानावर होतीच. पुढे किशोरवयात तो एका धर्मप्रचारिकेच्या ताफ्याबरोबर सुमारे दोन वर्षं गावोगाव वाजवत फिरला. या चारही गोष्टी त्याच्या वादनात शेवटपर्यंत ऐकू येतात.

मिंटन्समध्ये नेमकं काय झालं?

मिंटन्स प्लेहाउस हा हार्लेममधला, वेस्ट ११८ व्या रस्त्यावरचा क्लब. १९४० च्या सुमारास टेडी हिलकडे त्याची व्यवस्था आली आणि त्याने ड्रमर केनी क्लार्कला व मंकला तिथल्या कायमच्या ताफ्यात घेतलं. मोठ्या बँडमधली नोकरी आटोपून वादक रात्री तिथे यायचे. ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी, गिटारवाला चार्ली ख्रिश्चन, पुढे सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. बीबॉप या शैलीची घडण या रात्रींमध्ये झाली.

मंकचा वाटा मुख्यतः स्वरसंवादाचा, म्हणजे हार्मनीचा. एक उदाहरण पुरेसं आहे. ज्याला इतर लोक सी हाफ-डिमिनिश्ड कॉर्ड म्हणतात, त्याकडे मंक ‘ई फ्लॅट मायनर सिक्स्थ, खाली सी’ असं बघायचा. स्वर तेच चार. पण असं बघितलं की पुढे कुठे जायचं याच्या वाटा बदलतात. गिलेस्पीने हे मंककडून घेतल्याचं स्वतः सांगितलं आहे.

मग स्वतःच्या नावाची पहिली तबकडी एवढ्या उशिरा का?

१९४४ मध्ये सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सच्या ताफ्यात त्याचं स्टुडिओतलं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. स्वतःच्या नावावर पहिलं सत्र ब्लू नोट कंपनीसाठी, १५ ऑक्टोबर १९४७ रोजी. नुकतीच तिशी पूर्ण झाली होती. तोवर पार्कर आणि गिलेस्पी प्रसिद्ध झाले होते. बीबॉप म्हणजे वेग, असं लोकांना वाटू लागलं होतं आणि मंक वेगाच्या मागे नव्हता. ब्लू नोटने ‘बॉपचा महागुरू’ अशी जाहिरात केली. तबकड्या तरी फारशा खपल्या नाहीत. १९४७ ते १९५२ या काळातली ती ध्वनिमुद्रणं आज पायाभूत मानली जातात.

१९५१ ते १९५७ तो गायब कुठे होता?

तो कुठेही गेला नव्हता. सरकारी परवान्याने त्याला अडवलं होतं, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘विक्षिप्त कलाकार एकांतात गेला’ ही दंतकथा इथूनच पसरली.

न्यूयॉर्क शहरात दारू मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचं असेल तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावं लागायचं. बोटांचे ठसे द्यायचे, कार्ड जवळ बाळगायचं. गुन्हा नोंदला गेला की कार्ड जप्त. गायिका बिली हॉलिडेचंही कार्ड असंच गेलं होतं. जॅझचे जवळजवळ सगळे क्लब दारूवर चालत असल्यामुळे कार्ड जाणं म्हणजे शहरातली रोजीरोटी जाणं.

ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि त्याचा जिवलग मित्र, पियानोवादक बड पॉवेल, एका गाडीत बसलेले असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंकने मित्राविरुद्ध बोलायला नकार दिला. ६० दिवसांचा तुरुंगवास झाला आणि कार्ड गेलं. पुढची सहा वर्षं तो ध्वनिमुद्रणं, शहराबाहेरचे कार्यक्रम आणि मैफलीची सभागृहं यांवर तगला. बायको नेली हिने नोकरी करून घर चालवलं. दोन लहान मुलं होती. कार्ड १९५७ मध्ये परत मिळालं.

ऑक्टोबर १९५८ मध्ये पुन्हा तेच. डेलावेअर राज्यातून जाताना मंक पाणी प्यायला एका मोटेलमध्ये शिरला, मालकाने पोलिस बोलावले आणि पोलिसांनी त्याला मारहाण केली. कार्ड पुन्हा गेलं ते १९६० पर्यंत. ही पद्धतच शहराने १९६७ मध्ये बंद केली.

रिव्हरसाइड कंपनीने त्याला १०८ डॉलरमध्ये विकत घेतलं, हे खरं का?

आकडा १०८ डॉलर २७ सेंट. प्रेस्टिज कंपनीकडून मंकने घेतलेली उचल तेवढी बाकी होती. ती फेडून रिव्हरसाइडने १९५५ मध्ये त्याला करारातून मोकळं करून घेतलं. ऑरिन कीपन्यूज या निर्मात्याने आधी एलिंग्टनच्या रचनांची एलपी काढली, मग लोकप्रिय गाण्यांची, म्हणजे मंकला घाबरणाऱ्या श्रोत्यांना ओळखीच्या चालींतून त्याच्यापर्यंत आणलं. तिसरी एलपी ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’, आणि तिने चित्र पालटलं.

‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ वाजवायला एवढी कठीण का?

शीर्षकरचनेचे २५ टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न, झाले, तरी सलग असा एकही पूर्ण टेक मिळाला नाही. शेवटी तुकडे जोडून ती पुरी केली. आणि समोर कोण होते बघा: सॅक्सोफोनवर सनी रॉलिन्स आणि अर्नी हेन्री, बासवर ऑस्कर पेटिफर्ड, ड्रमवर मॅक्स रोच.

अडचण दोन ठिकाणी आहे. जॅझच्या बहुतेक चाली ८ बारांच्या भागांनी बनतात आणि शरीराला त्या ८ ची सवय लागलेली असते. इथे पहिला भाग ८ बारांचा, मधला ७ चा आणि शेवटचाही ७ चा. एकूण २२. तीनतालात वाढलेल्या माणसाला मधेच एक मात्रा कमी करून दिली तर सम चुकते, तसंच हे. दुसरी अडचण अशी की एक आवर्तन संथ लयीत आणि पुढचं दुगुनीत. एकट्याने वाजवताना वादकाला दोन्ही लयी डोक्यात ठेवाव्या लागतात. सराव करायचा असेल तर आधी वाद्य बाजूला ठेवा आणि २२ बार टाळी देऊन मोजा, संथ आणि दुगुन आलटून पालटून. टाळी न चुकता पाच आवर्तनं झाली की मग वाद्याला हात लावा.

जॉन कोल्ट्रेन आणि मंक एकत्र किती काळ होते?

जुलै १९५७ पासून वर्षअखेरीपर्यंत, फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबमध्ये. सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनला मंक घरी पियानोवर बसून चाली शिकवायचा, कागद शेवटी. त्या जोडीचं ध्वनिमुद्रण फारच थोडं उरलं आहे असं समजलं जात होतं. २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाची टेप सापडली. आवाज स्वच्छ आहे आणि दोघंही ऐन बहरात आहेत.

त्याला पियानो नीट येत नव्हता का? मधेच चुकीचे स्वर लागतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर ठाम नाही असं आहे, आणि ते कानाने पडताळता येतं. एकाच रचनेचे दोन टेक लागोपाठ ऐका. तो ‘चुकीचा’ स्वर त्याच जागी, त्याच वजनाने पुन्हा येतो. चूक अशी येत नाही.

कानाला खटकतं ते बहुतेक वेळा या चारपैकी एक असतं:

शेजारचे दोन स्वर एकदम. पियानोवर लागून असलेल्या दोन पट्ट्या तो मुद्दाम एकत्र दाबतो. त्यातला एक चालीचा असतो, दुसरा त्याला धार देतो.

कॉर्डमधले स्वर गाळणं. कॉर्डचा पाचवा स्वर तो बहुधा टाकून देतो. खाली मूळ स्वर आणि त्याचा सातवा, वर मोठी मोकळी जागा, मग एखादा तिखट स्वर. भरगच्च कॉर्डची सवय असलेल्या कानाला हे अर्धवट वाटतं.

सहा स्वरांची सप्तकं. प्रत्येक स्वर आधीच्यापासून पूर्ण स्वराच्या अंतरावर: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. यात प नाही, शुद्ध म नाही, त्यामुळे कुठेच विसावा मिळत नाही. मंक या स्वरांवरून वरून खाली धबधब्यासारखा येतो आणि नेमका समेवर थांबतो.

न वाजवणं. अपेक्षित जागी शांतता ठेवून अर्धी मात्रा उशिरा कॉर्ड मारणं. लय इतकी पक्की असल्याशिवाय हे साधत नाही.

त्याची बोटं सपाट पडायची, अभिजात पद्धतीसारखी वळलेली नव्हती, आणि उजव्या करंगळीत मोठी अंगठीही असायची. शिक्षकांना हे आवडत नाही. पण त्या सपाट बोटांतूनच त्याचा टणत्कारासारखा आवाज येतो.

पियानोवर मींड येत नाही, मग मंकचा स्वर वाकल्यासारखा कसा वाटतो?

युक्ती साधी आहे. पट्टी काळी पाच धरा, म्हणजे सा = बी फ्लॅट. कोमल ग (डी फ्लॅट) आणि शुद्ध ग (डी) एकाच क्षणी दाबा. लगेच कोमल ग सोडा, शुद्ध ग दाबून ठेवा. कोमल वरून शुद्धाकडे स्वर सरकल्याचा भास होतो. दोन्ही सारख्या जोराने दाबले तर नुसती कर्कश टक्कर ऐकू येते. सुटणारा स्वर हलका, राहणारा स्वर ठाम. आणि उजव्या पायाचा पेडल त्या वेळी वर असला पाहिजे, नाहीतर सोडलेला स्वर सुटतच नाही.

सुरुवात कोणत्या रचनेने करावी?

‘ब्लू मंक’, १९५४. १२ बारांचा ब्लूज, प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पट्टी काळी पाच.

डाव्या हाताला प्रत्येक कॉर्डचे फक्त दोन स्वर द्या: करंगळीने मूळ स्वर, अंगठ्याने त्याचा कोमल सातवा. सुरुवात मधल्या सी च्या खालच्या दुसऱ्या बी फ्लॅटवर. बारांचा क्रम असा: पहिला बी फ्लॅट, दुसरा ई फ्लॅट, तिसरा-चौथा बी फ्लॅट, पाचवा ई फ्लॅट, सहावा ई डिमिनिश्ड, सातवा-आठवा बी फ्लॅट, नववा-दहावा एफ, अकरावा-बारावा बी फ्लॅट. पाचव्यातून सहाव्यात जाताना अंगठा डी फ्लॅटवर तसाच राहतो आणि करंगळी फक्त अर्धा स्वर वर सरकते. या एका हालचालीत रचनेचं सगळं वळण आहे, ती घाईत उरकू नका.

चाल अर्ध्या स्वरांनी चढणाऱ्या छोट्या तुकड्यांची आहे. पहिला तुकडा: शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म, प. आधी गळ्याने म्हणा. गाता येईपर्यंत उजवा हात लावू नका.

मेट्रोनोम ५० वर ठेवा आणि त्याचा टोला दुसरी आणि चौथी मात्रा समजा. लय १०० होते. मात्रेचे दोन भाग समान करायचे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक.

उपज करायची वेळ आली की कॉर्डमागे धावू नका. पहिली दोन आवर्तनं फक्त चाल वाजवा. तिसऱ्यात चालीतले निम्मे स्वर गाळा. चौथ्यात तेच तुकडे अर्धी मात्रा पुढे-मागे सरकवा. मंक स्वतः असंच करायचा. त्याची उपज चालीच्या हाडांवरच उभी असते.

सराव करूनही मंकसारखं वाटत नाही. काय चुकतं?

नव्वद टक्के वेळा लय. विचित्र स्वर शोधण्यात सगळा वेळ जातो आणि खालची चाल ढासळते. स्वतःचं वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि मेट्रोनोमबरोबर ऐका. विसाव्या सेकंदाला लय चढलेली आढळेल. दुसरं कारण पेडल: मंकचं वादन कोरडं आहे, तुमचं पाण्यात भिजलेलं. तिसरं, खटकणारे स्वर सगळीकडे पेरले जातात. एका आवर्तनात दोन जागा खूप झाल्या.

छापील चालींमध्ये फरक का सापडतात?

कारण बऱ्याच चाली इतरांच्या तबकड्यांवरून उतरवल्या गेल्या. ‘वेल यू नीडन्ट’ची ब्रिज, म्हणजे चालीचा मधला वेगळा भाग, बघा. मंकची ब्रिज डी फ्लॅटवरून सुरू होऊन अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी चढते. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने ती ‘जी’वरून वाजवली आणि कित्येक पुस्तकांत तीच छापली गेली. ताफ्यात बसण्यापूर्वी कोणती ब्रिज घ्यायची ते ठरवून घ्या, नाहीतर सतराव्या बारला गोंधळ ठरलेला. ‘राउंड मिडनाइट’ची प्रसिद्ध प्रस्तावना गिलेस्पीची आहे, मूळ रचनेचा भाग नाही. ‘स्ट्रेट, नो चेसर’ मंकने काळी पाचमध्ये वाजवली, डेव्हिसने एफमध्ये.

पेटीवर किंवा कीबोर्डवर चालेल का?

पेटीवर चाल सुरेख वाजते, कॉर्ड नाहीत. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, म्हणून शेजारच्या दोन स्वरांची टक्कर क्षणभर चमकून जाते. पेटीत हवा आहे तोवर पत्ती वाजत राहते आणि टक्कर किरकिरत बसते. शिवाय एक पट्टी जोरात आणि दुसरी हळू असं पेटीत करता येत नाही. म्हणून जोडस्वर पाव मात्रेपेक्षा जास्त धरू नका आणि डाव्या हाताची साथ दुसऱ्या कुणाला द्या.

कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा पुरतो, पण दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारा हवा. आपोआप वाजणारा ठेका बंद. एकट्याचं स्ट्राइड वाजवायचं असेल तर मात्र ८८ वजनदार पट्ट्या लागतात.

माइल्स डेव्हिसबरोबर भांडण झालं होतं का?

२४ डिसेंबर १९५४ च्या सत्रात डेव्हिसने आपल्या एकलवादनामागे साथ करू नकोस असं मंकला सांगितलं. ते खरं. हाणामारी झाली नाही. मंकचे कॉर्ड इतके ठाशीव असत की लांब, हलक्या ओळी वाजवणाऱ्याला ते अडवत. डेव्हिसचा आक्षेप समजण्यासारखा आहे.

तो वाजवता वाजवता उठून का नाचायचा?

सॅक्सोफोनवाल्याचं, १९५९ पासून सुमारे अकरा वर्षं बहुधा चार्ली राउजचं, एकलवादन चालू असताना तो उठून गोल फिरे. पायाकडे बघितलं तर ते तालात असतं. त्या वेळी पियानो थांबल्यामुळे मागे फक्त बास आणि ड्रम उरत आणि वादकाला मोकळी जागा मिळे. २८ फेब्रुवारी १९६४ ला ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला, तेव्हापासून टोप्या आणि नाच यांचीच चर्चा जास्त झाली. संगीताचं त्यात नुकसान झालं.

शेवटची वर्षं?

मानसिक आजाराचे झटके १९५० च्या दशकापासून येत होते, रुग्णालयात भरती व्हावं लागत होतं. १९७१-७२ मध्ये गिलेस्पी आणि आर्ट ब्लेकीसह त्याने जगभर दौरा केला, नोव्हेंबर १९७१ मध्ये लंडनला स्वतःच्या नावावरची शेवटची स्टुडिओ ध्वनिमुद्रणं झाली. नंतर तो न्यू जर्सीत वीहॉकनला, पॅनोनिका द कोनिग्सवार्टर या त्याच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी राहिला. खोलीत पियानो होता. तो क्वचितच त्याला हात लावी. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी पक्षाघाताने त्याचं निधन झालं. २००६ मध्ये मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. मुलगा टी. एस. मंक ड्रमर आहे.

उपज अजिबात नसलेली त्याची रचना आहे का?

‘क्रेपस्क्यूल विथ नेली’. मे १९५७ मध्ये नेलीवर थायरॉइडची शस्त्रक्रिया होत असताना त्याने ती पूर्ण केली. ती लिहिली तशीच वाजते.

ऐकायला सुरुवात कुठून?

आधी कार्नेगी हॉल १९५७, कारण तिथे मंक सगळ्यात मोकळा आहे. मग ब्लू नोटची १९४७ ची सत्रं, मग ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’, मग १९५९ चं सॅन फ्रान्सिस्कोतलं एकल वादन. कोलंबिया कंपनीच्या १९६२ नंतरच्या तबकड्या सुबक आहेत, नवं त्यात कमी.

पाचवं म्हणून ५ एप्रिल १९५७ चं ‘राउंड मिडनाइट’. त्या दिवशी स्टुडिओत टेप चालूच राहिली होती आणि पुढे ती सुमारे २२ मिनिटं जशीच्या तशी प्रसिद्ध झाली. दहा-बारा वर्षं वाजवलेली स्वतःचीच रचना घेऊन तो बसला आहे. एक कॉर्ड लावतो, थांबतो. मधला एक स्वर काढतो, पुन्हा लावतो. नाही पटला की मागे जातो आणि तोच बार परत सुरू करतो.